टर्बाइनमधून जाणारं पाणी मोजताना: तीन आकड्यांपैकी कोणता धरायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. धरणाच्या पायथ्याशी तुमचं छोटं वीजगृह आहे. आडव्या फ्रान्सिस टर्बाइनचे दीड-दीड मेगावॉटचे दोन संच, प्रत्येकाला १.८ मीटर व्यासाचा स्वतंत्र पेनस्टॉक, म्हणजे पाणी आणणारा मोठा नळ. वीज करून झालेलं पाणी टेलरेसमधून, म्हणजे बाहेर पडायच्या चरातून, थेट कालव्यात जातं. एकच संच पूर्ण भारावर चालू असताना पेनस्टॉकला बाहेरून लावलेलं अल्ट्रासॉनिक मीटर सेकंदाला ७.१ घनमीटर दाखवतं. कालव्यावरच्या फ्ल्यूमची (पाणी मोजायला बांधलेल्या अरुंद भागाची) गेज पट्टी, म्हणजे पातळीची पट्टी, वाचून जलसंपदा खात्याचे लोक ६.५ म्हणतात. उत्पादकाने दिलेल्या आलेखावरून तुम्ही काढलेला आकडा ६.२ येतो. क्युसेकमध्ये सांगायचं तर साधारण २५१, २३० आणि २१९. त्या वेळी जलाशय आणि टेलरेस यांच्या पातळीतला फरक २९.३ मीटर होता. यातलं खरं कोणतं आणि नवं मीटर घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

नवं मीटर आत्ता घेऊ नका. आधी हे ठरवा की हा आकडा तुम्हाला कशासाठी हवा आहे. खात्याशी पाण्याचा हिशेब जुळवायचा असेल तर निरपेक्ष विसर्ग लागतो, म्हणजे सेकंदाला खरोखर किती घनमीटर पाणी गेलं तो आकडा. टर्बाइनची तब्येत पाहायची असेल, रनर (टर्बाइनचं फिरतं चाक) झिजला का, गाईड व्हेन (टर्बाइनमध्ये पाणी कमी-जास्त सोडणारी पाती) किती उघडल्यावर संच सर्वांत चांगला चालतो, हे कळायला हवं असेल, तर सापेक्ष विसर्ग पुरतो. तो आकडा ५ टक्के चुकीचा असला तरी चालेल, पण रोज त्याच दिशेने आणि तेवढाच चुकला पाहिजे. या दोन कामांची साधनं वेगळी, खर्च वेगळा आणि मोजण्याची वारंवारताही वेगळी. छोट्या वीजगृहांत मला नेहमी दिसतं ते असं की एकाच स्वस्त मीटरकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली जाते आणि शेवटी दोन्ही वाद अर्धवट राहतात.

तुमच्या तीन आकड्यांची पहिली झाडाझडती कोणतंही उपकरण न लावता करता येते. शक्तीचं समीकरण तुम्हाला पाठ असेल: किलोवॉट = ९.८१ × विसर्ग × निव्वळ हेड × एकूण कार्यक्षमता. हेड म्हणजे पाणी पडण्याची उंची; २९.३ मीटर हे ढोबळ हेड झालं. जाळी, प्रवेश, घर्षण, बाक आणि व्हॉल्व्ह यांत मिळून एक मीटर गेला असं धरू, म्हणजे निव्वळ हेड २८.३ मीटर. संच १५०० किलोवॉट देत होता. आता तिन्ही विसर्ग या समीकरणात टाकून पाहा. ७.१ खरं मानलं तर एकूण कार्यक्षमता ७६ टक्के येते. ६.५ ला ८३ टक्के, ६.२ ला ८७ टक्के. जनरेटरची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर टर्बाइनच्या वाट्याला अनुक्रमे ८०, ८७.५ आणि जवळजवळ ९२ टक्के येतात.

या आकाराच्या आडव्या फ्रान्सिसला पूर्ण भारावर ९२ टक्के मिळाले, तर मला आनंद होईल, पण मी ते पुन्हा तपासायला लावीन. आणि ८० टक्के असतील तर रनर किंवा सीलिंग रिंगा बऱ्यापैकी खराब झालेल्या असायला हव्यात. तसं असेल तर बेअरिंगचं तापमान, कंपनं, शाफ्ट सीलची गळती, यांतलं काहीतरी बोलू लागतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. म्हणून माझा पहिला कल ६.४ ते ६.५ च्या बाजूला आहे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. खात्यासमोर तो मांडता येणार नाही, पण कुठल्या आकड्यावर आधी संशय घ्यायचा हे त्यातून कळतं.

आलेखावरचा ६.२ सर्वांत सहज उलगडतो. उत्पादकाचा आलेख निव्वळ हेडसाठी असतो. तुम्ही त्यात २९.३ घातलं असणार, कारण दुसरं कुठलंच हेड तुमच्या पत्रात नाही. तेच गणित २८.३ मीटरवर केलं की विसर्ग ६.४२ च्या आसपास येतो. म्हणजे आलेख आणि कालवा यांच्यातला बहुतेक फरक इथेच मिटतो. मात्र निव्वळ हेड मी धरलेल्या एका मीटरवर सोडू नका, ते मोजा. स्पायरल केसिंगच्या (टर्बाइनभोवतीच्या शंखाकृती कवचाच्या) तोंडाशी अचूक दाबमापक लावा, त्याच्या मध्यरेषेची उंची लेव्हल लावून टेलरेसच्या पातळीशी जोडा आणि त्यात वेगाचं हेड, म्हणजे पाण्याच्या वेगातली ऊर्जा उंचीत मोजून, मिळवायला विसरू नका. पेनस्टॉकमध्ये वेग सेकंदाला अडीच मीटर आहे, त्याचं हेड ०.३२ मीटर. पण टर्बाइनच्या तोंडाशी नळ निमुळता होऊन १.४ मीटरवर आला असेल आणि दाबमापक तिथे असेल, तर वेग ४.२ मीटर होतो आणि वेगाचं हेड जवळपास ०.९ मीटर. अठ्ठावीस मीटरच्या हेडमध्ये ही ३ टक्क्यांची गोष्ट आहे. कित्येक अहवालांत हे पद गाळलेलं असतं आणि मग कार्यक्षमतेवरून पानंच्या पानं लिहिली जातात.

विजेची बाजूही तपासून घ्या. १५०० किलोवॉट हा आकडा जनरेटरच्या टर्मिनलवरचा आहे की ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या, विक्रीच्या मीटरवरचा? सीटी-पीटीचे (मीटरला जोडलेल्या करंट आणि पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचे) गुणक बरोबर आहेत का? पॅनेलवरचा काटा वाचण्यापेक्षा ऊर्जा मीटरचे पल्स दहा-पंधरा मिनिटं मोजून सरासरी शक्ती काढा. त्याला अर्धा तासही लागत नाही.

आता ७.१ कडे येऊ. बाहेरून चिकटवायच्या अल्ट्रासॉनिक मीटरबद्दल माझं मत वाईट नाही. ते जागेवर नीट बसवलं तर उपयोगी आहे. पण ते काय मोजतं हे समजून घ्यायला हवं. ध्वनीची एक लहर प्रवाहाच्या दिशेने, दुसरी प्रवाहाविरुद्ध जाते आणि दोघींच्या वेळेतल्या फरकावरून वेग काढला जातो. तुमच्या नळात हा फरक फार तर दीड-दोन मायक्रोसेकंदांचा आहे. म्हणजे १ टक्का अचूकता हवी तर एका मायक्रोसेकंदाचा साठावा-सत्तरावा भाग ओळखता आला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सला ते जमतं. गडबड होते ती बाकीच्या तीन गोष्टींत.

पहिली गोष्ट, नळाचा आतला व्यास. मीटर वेग मोजतं, विसर्ग तुम्ही दिलेल्या व्यासावरून काढतं. पत्रा १० मिलिमीटरचा असेल आणि बसवणाऱ्याने टेप गुंडाळून काढलेला बाहेरचा व्यासच आतला म्हणून भरला असेल, तर क्षेत्रफळ २.२ टक्के जास्त धरलं जातं. जुन्या पेनस्टॉकमध्ये आतून गंज, रंगाचे थर, कधी दुरुस्तीत लावलेलं अस्तर असतं. बंदच्या काळात आत उतरून चार दिशांनी व्यास मोजा आणि पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने बाहेरून अनेक ठिकाणी घ्या. सगळ्या कामात हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो.

दुसरी गोष्ट, शून्य. पेनस्टॉक भरलेला ठेवून गाईड व्हेन पूर्ण बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या आणि मीटर काय दाखवतं ते पाहा. गाईड व्हेनमधून थोडी गळती असतेच, पण तेवढ्या गळतीने समजावून सांगता येणार नाही असा आकडा दिसला, तर तो शून्याचा दोष आहे आणि पूर्ण भारावरच्या वाचनातही तेवढाच मिसळलेला आहे. त्याच वेळी मीटरच्या निदान-पडद्यावर पाण्यातला ध्वनीचा वेग दिसतो, तोही वाचा. गोड्या पाण्यात २० अंशांना तो सेकंदाला १४८२ मीटर असतो, २५ अंशांना १४९७. पाण्याचं तापमान मोजून ताडा. हा आकडा टक्का-दीड टक्का बाजूला असेल, तर सेन्सरमधलं अंतर किंवा भरलेली मापं चुकलेली आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, म्हणजे प्रवाहाचा छेद, नळाच्या आडव्या कापात वेग कसा वाटला गेला आहे ते. नळात वेग सगळीकडे सारखा नसतो, मधे जास्त आणि कडेला कमी असतो. बाहेरून लावलेलं मीटर व्यासावरच्या एकाच रेषेवर वेग मोजतं, म्हणून ते सरासरीपेक्षा जास्त वाचतं आणि मग आतल्या आत एक गुणक लावून दुरुस्ती करतं. हा गुणक लांब, सरळ नळातला सुस्थिर प्रवाह गृहीत धरतो. धरणाच्या पायथ्याशी बाक असतो, बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतो, कधी एकाच मोठ्या नळातून दोन फाटे निघतात. बाकानंतर प्रवाह एका बाजूला कलतो आणि फिरकीही घेतो. मीटर बाकापासून दोन-तीन व्यासांवर बसवलं असेल, तर ५ ते १० टक्के चूक येणं मला अजिबात नवल वाटत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात अल्ट्रासॉनिक मोजणीसाठी वरच्या बाजूला नळाच्या व्यासाच्या दहापट आणि खालच्या बाजूला तिप्पट सरळ लांबी सुचवलेली आहे. तुमच्या नळाला ती अठरा आणि साडेपाच मीटर होते.

हे तुमच्याकडेच तपासता येतं. संच एकाच भारावर स्थिर ठेवा आणि सेन्सर नळाभोवती फिरवून तीन-चार वेगवेगळ्या प्रतलांत वाचनं घ्या. अगदी वरचा आणि अगदी खालचा भाग टाळा, कारण वर हवा साचते आणि खाली गाळ. वाचनं एक-दीड टक्क्याच्या आत जुळली तर छेद बरा आहे. ७.१, ६.७, ६.२ अशी आली तर उत्तर तिथेच मिळालं. त्यांची सरासरी एकट्या वाचनापेक्षा बरी असते, पण तीही हिशेबाच्या वादात टिकणारी नाही.

कालव्याच्या फ्ल्यूमकडे तुमचा थोडा अविश्वासाचा सूर दिसला. स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम ही चांगली रचना आहे, पाणी तिच्या घशातून, म्हणजे सर्वांत अरुंद भागातून, मुक्तपणे जात असेल तोवर. तिथे विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने बदलतो. घसा साडेचार मीटर रुंद असेल तर ६.५ घनमीटरला उंची साधारण ०.९ मीटर येते. पट्टी वाचताना एका सेंटीमीटरची चूक झाली, तर विसर्गात १.७ टक्के फरक पडतो. पट्टीचा शून्य तीन सेंटीमीटर खचलेला असेल तर ५ टक्के. म्हणून पट्टीचा शून्य घशाच्या तळाशी लेव्हल लावून जुळवून घ्या आणि त्या वेळी खात्याच्या शाखा अभियंत्यांना बरोबर घ्या, म्हणजे तो आकडा दोघांचा होतो. खालच्या बाजूला गवत, गाळ किंवा अडवलेलं पाणी यांमुळे पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे चढली, तर फ्ल्यूम बुडीत चालतो आणि सूत्र खऱ्यापेक्षा जास्त विसर्ग सांगतं. खालची पातळीही दर वेळी नोंदवायला हवी ती याच कारणाने.

आणखी एक. फ्ल्यूम जे मोजतो ते टर्बाइनमधून गेलेलं पाणी असेलच असं नाही. वीजगृह आणि फ्ल्यूम यांच्यामध्ये कालव्याचा झिरपा आहे, तो वजा होतो. जुन्या सिंचन विमोचकाच्या (धरणातून कालव्यात पाणी सोडायच्या दाराच्या) किंवा टर्बाइनला वळसा देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हच्या गळतीचं पाणी त्यात येतं, ते अधिक होतं. दोन्ही संच आणि बायपास बंद करून कालव्यात काय वाहतं ते एकदा पाहून घ्या. संच सुरू केल्यावर कालवा भरून पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवरची वाचनं जमेला धरू नका.

इथवर जे सांगितलं त्यातून एवढं निघतं: आलेखाचा आकडा हेडमुळे खाली गेला आहे, मीटरचा आकडा बहुधा व्यास आणि बाकामुळे वर गेला आहे, आणि कालव्याचा आकडा पट्टी तपासल्याशिवाय ना खोटा ठरवता येतो ना खरा. ही सगळी तपासणी तुमच्याच माणसांकडून, जवळजवळ फुकट होते. यानंतरही फरक ३-४ टक्क्यांच्या वर राहिला, तर मात्र एकदा निरपेक्ष चाचणी करून घ्यावी लागेल.

तीन-चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वीजगृहाच्या मालकांना वाटू शकतं. मला ते पटत नाही. तुमच्या मीटरमध्ये आणि कालव्यात सेकंदाला ०.६ घनमीटरचा फरक आहे. वीस दिवसांच्या एका आवर्तनात तो १ दलघमीच्या (दशलक्ष घनमीटरच्या) वर जातो. खातं वीजगृहाच्या आकड्यावर विसंबून आवर्तन मोजू लागलं, तर हे पाणी कागदावर दिलेलं असेल आणि कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत पोचलेलंच नसेल. मोठ्या प्रकल्पांत तर याचं वजन फारच वाढतं. कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे आणि त्याचा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो. त्याचा १ टक्का म्हणजे सुमारे १९ दलघमी पाणी. कोयनेच्या पोफळी इथल्या वीजगृहाला पावणेपाचशे मीटरच्या आसपास हेड आहे, तिथे एका घनमीटरमागे एक युनिटपेक्षा थोडी जास्तच वीज होते. म्हणजे मोजणीतला १ टक्का हा दोन कोटी युनिटांहून मोठा प्रश्न होतो. ज्या राज्यात पाण्याचा थेंब न थेंब कुणाच्या तरी वाट्याचा आहे, तिथे टर्बाइनमधून किती पाणी गेलं हे नीट सांगता येणं वीजगृहाचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

निरपेक्ष चाचणीच्या पद्धती अनेक आहेत आणि कोणती निवडायची हे पूर्णपणे जागेवर अवलंबून आहे. तापमानावरून थेट कार्यक्षमता काढायची थर्मोडायनॅमिक पद्धत कोयनेसारख्या उंच हेडला उत्तम. टर्बाइनमध्ये जी ऊर्जा वाया जाते ती पाण्याला किंचित गरम करते, ती वाढ मोजायची. पावणेपाचशे मीटर हेडला १० टक्के नुकसान म्हणजे एका अंशाचा नववा भाग, आणि चांगल्या तापमापकाला तो सहज दिसतो. तुमच्या २८ मीटरला १ टक्का नुकसान म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. जलाशयात थरागणिक तापमान त्याहून कितीतरी जास्त बदलत असतं. ही पद्धत १०० मीटरच्या वरच्या हेडसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

नळाच्या छेदात दांड्यांवर करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारी फिरत्या पात्यांची यंत्रं) बसवून वेगाचं जाळं मोजायचं, ही जुनी आणि विश्वासू पद्धत. गोल नळाला किमान १३ बिंदू लागतात. त्यासाठी पेनस्टॉक रिकामा करून आत चौकट बसवावी लागते, ती काढायला पुन्हा रिकामा करावा लागतो. तुमच्या आकाराला ते जड जाईल. पण तेच करंट मीटर कालव्याच्या सरळ, अस्तर केलेल्या भागात वापरता येतात. रुंदीत पुरेशा उभ्या रेषा घ्यायच्या, प्रत्येक रेषेवर खोलीच्या ०.२ आणि ०.८ वर वेग घ्यायचा. कोणत्याही एका पट्टीतून एकूण विसर्गाचा फार मोठा भाग जाणार नाही अशी आखणी हवी. मीटरचं अंशांकन (कॅलिब्रेशन) ताजं असलं पाहिजे. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ती सोय आहे. टेलरेसच्या अगदी तोंडाशी मात्र मोजू नका, तिथे पाणी उसळतं आणि हवेचे बुडबुडे असतात. तीच अडचण होडीवरून फिरवायच्या, ध्वनीने पाण्याचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर यंत्रालाही येते.

तुमच्या जागेला मी सर्वांत आधी दाब-काल पद्धतीचा विचार करीन. नायगाऱ्याच्या वीजगृहांत काम करणाऱ्या नॉर्मन गिब्सन यांनी १९२० च्या दशकात ती मांडली, म्हणून तिला गिब्सन पद्धतही म्हणतात. कल्पना फार देखणी आहे. नळातलं पाणी थांबवलं की त्याचा संवेग दाबाच्या रूपाने दिसतो. नळावर दोन छेद, म्हणजे दाब मोजायच्या दोन जागा, घ्यायचे, त्यांच्यातला दाबाचा फरक गाईड व्हेन बंद होत असताना क्षणाक्षणाला नोंदवायचा आणि त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. त्यातून, पाणी थांबण्याआधी किती वेगाने जात होतं ते थेट मिळतं. नळाचा बाक किंवा वेगाचा कललेला छेद तिला अल्ट्रासॉनिकइतका त्रास देत नाही, कारण ती सगळ्या पाण्याचा मिळून संवेग मोजते.

तुमच्यासाठी आकडे काढून पाहू. दोन छेदांत ३० मीटर अंतर मिळालं तर त्या तुकड्यात ७६ टन पाणी आहे आणि ते सेकंदाला अडीच मीटरने चाललं आहे. ते आठ सेकंदांत थांबवलं तर छेदांमधला दाबाचा फरक सरासरी साडेनऊ किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या एक मीटरपेक्षाही थोडा कमी. म्हणून दाबाचे सेन्सर सेंटीमीटरभर पाणी ओळखणारे आणि झटपट प्रतिसाद देणारे हवेत. मानकाची अट अशी की छेदांतलं अंतर किमान १० मीटर असावं आणि अंतर गुणिले वेग किमान ५० यावं. तुमचा गुणाकार ७५ येतो, म्हणजे पद्धत लागू पडते. अट एवढीच की ३० मीटरच्या या तुकड्यात व्यास तोच राहायला हवा, फाटा नको आणि दाबाची छिद्रं पाडायला पेनस्टॉक बाहेर उघडा हवा. तुमचा नळ धरणाच्या काँक्रीटमध्ये गाडलेला असेल तर हा बेत बदलावा लागेल.

या पद्धतीत गळती विसरली जाते. बंद गाईड व्हेनमधून जे पाणी झिरपत राहतं ते संवेगाच्या हिशेबात येत नाही, ते वेगळं मोजून मिळवावं लागतं. प्रवेशद्वार (पेनस्टॉकच्या वरच्या तोंडाचं दार) आणि गाईड व्हेन दोन्ही बंद करून पेनस्टॉकमधली पातळी किती वेगाने उतरते ते पाहिलं, की गळतीचा अंदाज मिळतो. प्रवेशद्वार स्वतः गळत असेल तर ही गळती कमी दिसते, तेव्हा तेही तपासा. प्रत्येक भारावर चाचणी अनेकदा करायची. वाचनं एकमेकांशी जुळली तर दीड-दोन टक्क्यांची अनिश्चितता गाठता येते.

कायमस्वरूपी निरपेक्ष मोजणीच हवी असेल तर नळाच्या आत बसवायचं चार किंवा आठ मार्गांचं अल्ट्रासॉनिक मीटर आहे. ते चांगलं असतं, पण दीड मेगावॉटच्या संचाला त्याचा खर्च पेलतो का हे तुम्हीच ठरवा. कमी हेडवर चालणारी कॅप्लान टर्बाइन, आखूड प्रवेश आणि मोठी चौकोनी तोंडं असलेल्या वीजगृहांचं दुखणं वेगळंच आहे, तिथे यातलं बरंचसं लागू पडत नाही. तुमच्याकडे पेनस्टॉक आहे, हे नशीब समजा.

आता रोजच्या वापराचं. निरपेक्ष चाचणी एकदाच होते, तिचा फायदा वर्षानुवर्षं टिकवायचं काम विंटर-केनेडी पद्धत करते. १९३३ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभरातल्या वीजगृहांत चालू आहे. स्पायरल केसिंगमध्ये पाणी वळतं, तेव्हा बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असतो. या फरकाचं वर्गमूळ गुणिले एक स्थिरांक म्हणजे विसर्ग. स्थिरांक निरपेक्ष चाचणीतून ठरवायचा. तुमच्या केसिंगवर अशी छिद्रं बहुधा आधीच आहेत, प्लगने बंद केलेली. उत्पादकाच्या रेखाचित्रात पाहा.

या पद्धतीच्या मर्यादा ओळखून ती वापरावी. पूर्ण विसर्गाला फरक समजा ०.९ मीटर पाण्याचा असेल, तर एका सेंटीमीटरच्या चुकीने विसर्गात अर्ध्या टक्क्याची चूक येते. अर्ध्या विसर्गाला मात्र फरक चौथा हिस्सा उरतो आणि तीच सेंटीमीटरभर चूक २ टक्क्यांच्या वर जाते. म्हणून कमी भारावरच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. नळ्यांमध्ये हवा अडकली तर वाचन भरकटतं, दर वेळी आधी हवा काढून टाकायची सवय लावा. पावसाळ्यानंतर छिद्रांत गाळ बसतो. केसिंगच्या आत लाकडाचा ओंडका अडकला, रंग नव्याने दिला, स्टे व्हेनची (केसिंगमधल्या स्थिर पात्यांची) दुरुस्ती झाली, की स्थिरांक बदलू शकतो. अशा कामानंतर तो जुनाच धरून चालू नका.

तुमचं बाहेरचं अल्ट्रासॉनिक मीटरही फेकून देऊ नका. निरपेक्ष चाचणी चालू असताना ते जागेवरच ठेवा, हलवू नका आणि त्याचीही वाचनं नोंदवा. चाचणीत ६.४५ आलं आणि मीटरने ७.१ दाखवलं, तर त्या जागेपुरता ०.९१ हा गुणक मिळाला. मग विंटर-केनेडी आणि हे मीटर असे दोन स्वतंत्र साक्षीदार तुमच्याकडे होतात. दोघं एकमेकांपासून सरकू लागले की काहीतरी बदललं आहे हे महिनाभरात कळतं. एकटं कुठलंही उपकरण ते सांगू शकत नाही.

चाचणी कुणाकडून करून घ्यायची? आयआयटी रुरकीचा जल आणि नवीकरणीय ऊर्जा विभाग देशभरातल्या लहान जलविद्युत केंद्रांच्या अशा चाचण्या करत आला आहे. लहान केंद्रांसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६२००६ हे मानक आहे, मोठ्यांसाठी आयईसी ६००४१. कुणाकडूनही करून घ्या, पण करारात तीन गोष्टी लिहून घ्या: विसर्गाच्या प्रत्येक आकड्यापुढे अनिश्चितता दिली जाईल, कच्ची वाचनं तुमच्याकडे सोपवली जातील, आणि चाचणीआधी नळाची मापं प्रत्यक्ष घेतली जातील. ‘६.४५’ असं नुसतं लिहिलेलं उत्तर अपुरं असतं. ‘६.४५, अधिक-उणे २ टक्के’ असं असेल तर ६.३२ ते ६.५८ या पट्ट्यात कालव्याचा ६.५ बसतो आणि खात्याशी वाद उरतच नाही.

खात्याशी बोलणीही चाचणीच्या आधी करा. कोणता संच, कोणता भार, गेज पट्टी कुणी आणि किती मिनिटांनी वाचायची, बायपास बंद असल्याची खात्री कुणी करायची, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. निकाल आल्यावर पद्धतीवर आक्षेप घेणं सोपं असतं, आधी घेतलेला आक्षेप दूर करता येतो. वेळ निवडताना रब्बीच्या आवर्तनाचा मधला काळ बरा, तेव्हा कालवा स्थिर चालतो आणि विसर्ग वारंवार बदलावा लागत नाही. दुसरी चाचणी, निदान विंटर-केनेडीची वाचनं तरी, उन्हाळी आवर्तनात जलाशय उतरलेला असताना घ्या. तुमचं हेड हंगामागणिक बरंच बदलत असणार, आणि २८ मीटरला जुळलेला हिशेब कमी हेडलाही जुळतो का, हे एकदा पाहून घेतलं पाहिजे.